घाटात बंद पडलेली गाडी

संतोषनं इंजिनावरचं झाकण बाजूला ठेवलं आणि तुटलेला पट्टा बाहेर काढून दिनेशच्या हातात दिला. आतल्या बाजूचे दाते झिजून सपाट झाले होते.

"टायमिंग बेल्ट तुटला, त्यानं आतले वॉल्व्ह वाकले," तो म्हणाला. "हेड उतरवावं लागेल. काम मोठं आहे, पण होईल. बाकी इंजिन चांगलं आहे."

पट्टा बदलून घ्या, असं दिवाळीत संतोषनंच सांगितलं होतं. आज तो त्याबद्दल काही बोलला नाही.

दिनेशनं पट्टा जमिनीवर टाकला. "नको. भंगारवाल्याला फोन लाव."

नाशिकच्या पेठ रोडवरच्या त्या गॅरेजात दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. दिनेशची बायको, पल्लवी, भिंतीशी एका जुन्या टायरवर बसली होती. बाळंतपणाला दोन आठवडेही झाले नव्हते. घरीच राहा, असं त्यानं सांगूनही ती एसटीत त्याच्या शेजारी येऊन बसली होती आणि पाड्यावरून निघाल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

बाळ पायाळू आहे, कळा सुरू झाल्या की सरळ नाशिकला न्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या पहाटे दिनेशनं तिला गाडीत घातलं. सावळ घाटाच्या चढावर इंजिनात काहीतरी फटकन वाजलं आणि गाडी थांबली, ती थांबलीच. फोनला रेंज नव्हती. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात करत राहिला. भाजीची एक पिकअप थांबली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. तोवर मुलगी झाली होती. ती रडली नाही.

"दिनेशभाऊ, एकदा भंगारात गेली की गेली," संतोष म्हणाला. "घाई करू नका. चार दिवस राहू दे इथंच."

"मला ती डोळ्यासमोर नको."

"मोहिनीचे दिवस भरत आलेत," पल्लवी म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडं पाहिलं. मोहिनी म्हणजे त्यांच्या शेजारच्या घरातली सून.

"काल तिची सासू आली होती," पल्लवी म्हणाली. "काय मागितलं नाय, काय बोलली नाय. नुसती बसून गेली."

"तिला दुसरी गाडी भेटंल."

"कुठली?"

पाड्यावर दुसरी गाडी नव्हती. पाय मोडलेली, साप चावलेली, कळा लागलेली, सगळी माणसं आजवर दिनेशनंच दवाखान्यात पोहोचवली होती.

"माझ्यानं त्या घाटात नाय जमायचं," शेवटी तो म्हणाला. "आज एसटी तिथून आली, तर मी डोळं मिटून घेतलं."

"पाह्यलं मी. मंग तुझा भाऊ चालवंल. गाडी तर पायजे."

ती भिंतीला धरून उठली. पदर सरकला तसं तिच्या पोलक्यावर दुधाचे ओले डाग दिसले. तिनं पदर ओढून घेतला. संतोषनं मान वळवली आणि उगाचच पाने-पकडी आवरायला लागला.

"दादा," तिनं विचारलं, "नवा पट्टा टाकल्यावर परत तुटंल का?"

"नाही हो वहिनी. वेळेवर बदलला तर तुटत नाही."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. हातातला पाना त्यानं आवाज न करता खाली ठेवला.

दिनेश होता तिथंच उकिडवा बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं. रस्त्यावरून जीपवाला पेठ, पेठ असं ओरडत गेला.

"एकदा तरी शिव्या दे मला," तो खाली बघतच म्हणाला. "त्या दिवसापासनं तू काहीच बोलली नाय."

"देईन," पल्लवी म्हणाली. "आत्ता नाय."

मग ती संतोषकडं वळली. "कर चालू गाडी. मोहिनीच्या आधी व्हायला पायजे."

संतोषनं दिनेशकडं पाहिलं. दिनेशनं मान वर केली नाही, पण नकोही म्हणाला नाही.

"आतलं सामान तेवढं काढून घ्या, वहिनी," संतोष म्हणाला. "ओढून आणल्यापासून दार उघडलेलं नाही मी."

पल्लवीनं मागचं दार उघडलं. कोंडलेला वास बाहेर आला. सीटवर गोधडी होती, त्या पहाटे दिनेशनंच तिच्यासाठी अंथरलेली. वाळून ती पत्र्यासारखी कडक झाली होती. तिनं ती दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढली.

"टाकून द्या ती," संतोष म्हणाला. "मी टाकतो, आणा इकडं."

तिनं ऐकलं नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात गाड्या धुवायचा नळ होता. तिनं गोधडी त्याच्याखाली पसरली, नळ सोडला आणि पायांनी तुडवायला लागली. मग नळ बंद करून वाकून उचलायला गेली, तर भिजलेली गोधडी तिला पेलेना. एकदा उचलली, सुटली. पुन्हा उचलली.

दिनेश उठला. त्यानं दुसरं टोक धरलं. एक इकडं, एक तिकडं, दोघं गोधडी पिळू लागले. पाणी तांबूस पडलं.

पल्लवीनं खाली बघितलं आणि पुन्हा नळ सोडला.