दुसऱ्या रांगेतली तिसरी

दोब्रीने हेडफोनचा शेवटचा स्क्रू आवळला आणि बायकोला हाक मारली. वेलिच्का बाल्कनीत भाजलेल्या मिरच्या सोलत बसली होती. हाकेत घाई होती, म्हणून लाल झालेले हात तसेच वर धरून ती आत आली.

टेबलावर कात्री होती, बुटात घालायच्या लोकरी तळव्यांचे गोल कापलेले तुकडे होते आणि तिचा एक पातळ पायमोजा होता. अर्धाच. उरलेला अर्धा हेडफोनमध्ये गेला होता. हेडफोन पाठीमागून उघडे, जाळीचे. जाळीमागचं जाड कापड काढून दोब्रीने तिथे पायमोजा ताणून बसवला होता आणि आतल्या पडद्याभोवती लोकरीचं कडं चिकटवलं होतं. तीन वर्षं हेच चाललं होतं. कधी फोम काढायचा, कधी कागद लावायचा, ऐकायचं, तोंड वाकडं करायचं आणि पुन्हा सगळं उकलायचं.

ऐकायची तबकडी मात्र एकच. १९७४ सालची, रेडिओच्या बायकांच्या गायनवृंदाची. चोवीस बायका, आणि त्यांत दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी वेलिच्का. त्या काळी वेष्टणावर प्रत्येकीचं नाव छापत, मुंगीएवढ्या अक्षरांत का होईना. दोब्रीला चोवीस आवाजांतून आपल्या बायकोचा आवाज वेगळा ऐकायचा होता. कोण कुठे उभी होती, हे तिच्याकडून लिहून घेऊन तो कागद त्याने भिंतीला लावला होता.

पायमोज्याबद्दल ती बोलणारच होती. त्याचा चेहरा बघून थांबली.

"सापडलीस," दोब्री म्हणाला.

तिसरं गाणं, त्याने सांगितलं. सगळ्या वर चढतात, त्याच्या आधी एक श्वास ऐकू येतो. आणि मग एक आवाज बाकीच्यांच्या केसभर वर. बारीक, चकचकीत. डावीकडे, दुसऱ्या रांगेत. सकाळपासून आठ वेळा ऐकून झालं होतं. इतक्या गोड आवाजात या घरात त्याला कधी कुणी जेवायला बोलावलं नाही, हेही त्याने ऐकवलं.

वेलिच्काने एप्रनला हात पुसले. त्याने हेडफोन तिच्या कानांवर बसवले आणि सुई टेकवली.

आवाज कानात नव्हताच. तो समोर, खोलीभर पसरला होता. बायका एकेक करून आपापल्या जागी येऊन उभ्या राहिल्या. मागच्या रांगेतली जाड आवाजाची. पहिल्या रांगेतली, शेवटचं अक्षर सोडायला तयार नसायची ती. मग तो श्वास आला.

झोरका. वेलिच्काने तो कुठेही ओळखला असता. झोरका नेहमी घाईने श्वास घ्यायची आणि मास्तर त्यासाठी पेन्सिलीने स्टँडवर टकटक करायचे. डावीकडून चौथी, वेलिच्काच्या खांद्याला खांदा लावून.

आणि तिसरी गातच नव्हती. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी ती पैजेवर मारित्सा नदीत पोहली होती. तिथलं पाणी मे महिन्यातही बर्फासारखं गार, सकाळी घसा पार बसला. सांगितलं असतं तर वेष्टणावरचं नाव गेलं असतं. तिच्या जागेवर डोळा ठेवून चौघीजणी बसल्या होत्या. म्हणून ती रांगेत उभी राहिली आणि दिवसभर नुसतं तोंड हलवत राहिली. झोरकाला कळलं होतं. ती बोलली नाही. वेलिच्काही कधी कुणाला बोलली नाही, पुढच्या वर्षी भेटलेल्या दोब्रीलाही नाही. तो तर लग्नानंतर येईल त्या पाहुण्याला ती तबकडी लावून दाखवायचा. ही माझी बायको, म्हणायचा.

आत्ताही तो समोर उभा होता, हातात स्क्रूड्रायव्हर, श्वास रोखून. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. त्याची तीन वर्षं सार्थकी लागली असती आणि तिला मिरच्यांकडे जाता आलं असतं.

ती म्हणणारही होती. तेवढ्यात झोरका पुन्हा वर चढली आणि वेलिच्काला एक गोष्ट आज पहिल्यांदा ऐकू आली. झोरका नेहमीपेक्षा मोठ्याने गात होती. म्हणून तर ती वेगळी निघत होती. ती दोघींचं गात होती.

वेलिच्काने हेडफोन काढले.

"ही मी नाही. ही झोरका," ती म्हणाली. "माझा घसा बसला होता. मी नुसतं तोंड हलवत होते."

दोब्रीने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"आख्ख्या तबकडीभर?"

"दोन्ही बाजू."

"तोंड तरी बरोबर हलवलंस?"

"शब्दन् शब्द."

"म्हणजे पन्नास वर्षं मी लोकांना झोरका ऐकवतोय. माझी बायको म्हणून."

"तिला फोन करून सांगते. खूश होईल."

आधी वेलिच्काला हसू फुटलं, मग त्यालाही. पोट धरून, खुर्चीची पाठ धरून तो हसला. आणि मग एकदम तबकडीकडे वळला. त्याने हेडफोन उचलले, कानांवर चढवले, सुई तिसऱ्या गाण्यावर नेली आणि डोळे मिटले.

आता याला लागलं, असं तिला वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली की मिरच्या गार झाल्या की सालं निघत नाहीत. त्याने हात वर करून तिला गप्प केलं. मग त्याचं बोट हवेत डावीकडून सरकू लागलं. एक. दोन. दोनच्या पुढे ते थांबलं. जरा मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"इथे," हेडफोन घातलेली माणसं बोलतात तसं तो मोठ्याने बोलला. चेहरा फुलला होता. "अगदी इथे तू नाहीयेस. किती स्वच्छ ऐकू येतंय."