परत आलेली कबुतरं

एकोणीसशे एक्क्याऐंशी सालची गोष्ट. बायको गेल्यापासून अबोल झालेल्या घड्याळजींनी जिवापाड जपलेली शर्यतीची कबुतरं गल्लीत वाटून टाकली. आनंदीआनंद झाला! पण पिंजरे उघडायचा अवकाश, सगळी भुर्रकन घड्याळजींच्याच गच्चीवर परतली. मागोमाग अख्खी गल्ली धावली. “माझं पांढरं कुठंय?” “अगं, ते आमचं!” सगळ्यांत पुढे शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनी. धुऊन कुलपं घातलेली खुराडी बघून त्या थबकल्या. ही तर निरवानिरव! पोराटोरांना खाली पिटाळून त्यांनी सरळच विचारलं, “भावजी, जीव द्यायचं मनात आहे का?” “होय, वहिनी,” म्हणत घड्याळजी ढसाढसा रडले. “बोललात ते बरं केलंत! मनाचेही डॉक्टर असतात. चपला घाला, मी येतेय!” दोघं तशीच दवाखान्यात गेली. वहिनी पुढे नव्वदी गाठून वारल्या. घड्याळजी बरे झाले आणि म्हातारपणी त्याच दवाखान्याच्या बाकावर, पहिल्यांदा आलेल्या घाबरलेल्या माणसाशेजारी हटकून जाऊन बसायचे.