वरचा बंक

व्हर्लिननी ट्रेलरच्या दाराशेजारची छोटी पाटी वाचली आणि ते थेट मागच्या खोलीत शिरले.

जनेल पायरीवरच थबकली. सकाळपासून बापलेकीने चार जुने ट्रेलर बघितले होते, गाडीला जोडून न्यायची चाकांवरची घरं. प्रत्येक वेळी बाबांची सुरुवात टायरपासून. मग शिडी लावून छत, मग टाचेने जमीन दाबत फेरी, मग सिंकखालच्या कपाटात डोकं घालून ओलीचा वास. एकाची भिंत कोपऱ्यातून तिरकी पाहिल्यावर किंचित फुगलेली दिसली, तसे ते तडक बाहेर पडले होते. या पाचव्याच्या टायरकडे मात्र त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. असं काय होतं त्या पाटीवर? तिने वाकून वाचलं. बनवल्याचा महिना आणि साल. जून, नऊ वर्षांपूर्वीचा. कारखाना बाबा कामाला होते तोच, कधीच बंद पडलेला.

या भागात निम्मं गाव ट्रेलर बनवतं आणि उरलेलं विकतं. व्हर्लिन सव्वीस वर्षं बनवणाऱ्यांत होते. काम सोडल्यापासून दर शनिवारी कुणीही हाक मारली की जुना ट्रेलर पारखायला त्याच्याबरोबर जायचे. शेजारी, चर्चमधली माणसं, अगदी अनोळखीसुद्धा. आई चिडायची, "फुकटची हमाली! त्या गुडघ्यांचा तरी विचार करा."

आज पाळी लेकीची होती. जनेलचा नवरा ट्रेंट विजेच्या मोठ्या तारा ओढायच्या कामावर, वर्षातले दहा महिने परमुलखात. धाकटा एलाय फोनमधल्या बापाला गुड नाइट म्हणत सहा वर्षांचा झाला होता. शेवटी दोघांनी ठरवलं, घरच चाकांवर घ्यायचं. पिकअपच्या हौद्यात अडकवायचं आणि ट्रेंट जाईल तिथे सगळ्यांनी जायचं. मागे मुलांची वेगळी खोली, त्यात झोपायला आगगाडीसारखे वरखाली बंक. "वरचा बंक माझा!" एलायने ट्रेलर न बघताच सांगून टाकलं होतं.

ती आत गेली तेव्हा व्हर्लिन वरच्या बंकखाली गुडघ्यांवर होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात खिशातला चाकू. भिंतीलगतची शोभेची लाकडी पट्टी ते उचकटत होते.

"अहो काका!" विक्रेता डॉइल मागून धावला. "अजून विकला नाहीये हो तो! पट्टी तुटली तर?"

"परत बसते ती," व्हर्लिन म्हणाले.

पट्टी निघाली. आत बंक पेलणारी लोखंडी पट्टी होती. तिला भोकं चार, बोल्ट दोन. उरलेली दोन भोकं नव्यासारखी कोरी होती. त्यांतून बोल्ट कधी गेलेलाच नव्हता.

डॉइल गोरामोरा झाला. "आम्ही सगळं तपासून घेतो हो. पण या पट्टीमागे कोण बघणार?"

व्हर्लिन हळूहळू उभे राहिले आणि त्यांनी टॉर्च वर धरला. बंकवरच्या छताला कुणीतरी कागदी तारे चिकटवले होते. काही सुटून लोंबत होते.

"कोण झोपायचं इथे?" त्यांनी विचारलं.

"दोन भाऊ. दर उन्हाळ्यात तळ्यावर न्यायचे हा. आता दोघं कॉलेजात गेले, म्हणून आईवडिलांनी काढला विकायला. परवा आले होते ना सामान उतरवायला. हे असे धिप्पाड, दारात वाकावं लागतं त्यांना."

"दोघं धडधाकट?"

"अहो, फ्रिज एकेकट्याने उचलतील!"

व्हर्लिन खालच्या बंकवर बसले. टॉर्च त्यांनी बंद केला.

"चला बाबा," जनेल म्हणाली. "दुसरा बघू."

"नको. बाकीचं सगळं नीट बघतो मी आता. पण ते ठीक निघालं तर हाच घे."

"काहीतरीच काय! डोळ्यांदेखत बोल्ट नाहीत त्यात!"

"दुसऱ्यांत काय राहिलंय ते मला माहीत नाही. यातलं माहीत आहे. दोन बोल्ट. ते मी आत्ता बसवतो."

डॉइल पान्याची पेटी आणायला गेला. जनेल बाबांसमोर उकिडवी बसली. मघापासून जे विचारायचं होतं ते तिने आता विचारलं.

"पट्टी काढण्याआधीच तुम्हाला कसं कळलं?"

व्हर्लिननी त्या दोन कोऱ्या भोकांकडे पाहिलं.

"मीच नव्हते बसवले."

ते जमिनीकडे बघत सांगू लागले. दुपारपर्यंत ठरलेले नग झाले की सगळ्यांना घरी सोडायचे. त्या जूनमधल्या एका शुक्रवारी बोल्ट संपत आले. मुकादम म्हणाला, दोनच लाव आणि पुढे ढकल, पट्टीमागे कोण बघतंय. त्यांनी तसेच ट्रेलर पुढे ढकलले. रात्री झोप लागली नाही. सोमवारी जाऊन सांगितलं तर मुकादम हसला. ट्रेलर केव्हाच देशभर गेले होते. कुठला कुणाकडे गेला याची यादी मागितली, ती मिळाली नाही. त्याच आठवड्यात त्यांनी काम सोडलं.

"किती होते असे?" जनेलने विचारलं.

"बारा."

नऊ वर्षांतले त्यांचे सगळे शनिवार तिच्या डोळ्यांसमोरून गेले.

"आणि सापडले किती?"

व्हर्लिननी उठून लोंबणारा एक तारा अंगठ्याने छताला पुन्हा दाबून बसवला.

"हा पहिला."