पहिली मूठ

"तू बांधावरच थांब गो," गुणाबाई सुनेला म्हणाली आणि भाताच्या रोपांची पहिली मूठ तिनं शेजारच्या नम्रताच्या हातात दिली. लावणीची पहिली मूठ लेकुरवाळीनं लावायची, ही या घरची रीत. नम्रताला दोन मुलगे. अनिताचे तीन गर्भ तिसऱ्या महिन्याच्या आतच गेलेले.

साईनाथ खाचरात रोपं टाकत होता. बांधावर उभ्या बायकोकडे बघायचा त्याला धीर होईना.

महिन्यापूर्वी ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोच्या रक्ताचे रिपोर्ट समोर ठेवले होते. अनिताचा स्वच्छ. साईनाथच्या दोन गुणसूत्रांचे शेंडे मात्र तुटून एकमेकांच्या जागी जोडले गेलेले. "तुमच्यात कमी काही नाही, फक्त तुकड्यांनी जागा बदलल्यात," बाईंनी कागदावर रेघा ओढून दाखवलं. "पण बाळाकडे जाताना कधी एक तुकडा कमी पडतो, दुसरा जास्त होतो. मग गर्भ टिकत नाही. पुढचा टिकूही शकतो."

"आयेला मी सांगेन, तू बोलू नको," येताना तो अनिताला म्हणाला. आणि घरी येऊन आईला सांगितलं, रिपोर्ट यायचाय अजून. तो कागद भातसानगरच्या धरणावर, त्याच्या ड्युटीवरच्या कपाटात कुलपात पडला होता. इकडे अनिता सासूनं आणलेला कडू काढा महिनाभर नाक दाबून पीत होती. ही निव्वळ हरामखोरी होती आणि ते त्याला रोज सकाळी कळत होतं.

नम्रता मूठ सोडायला वाकली. बांधावर अनितानं पदर तोंडाशी धरला.

"थांब गो नम्रता!" साईनाथ ओरडलाच. "आये, रिपोर्ट कवाच आलाय. हिच्यात काय नाय. माझ्या रक्तात हाय."

चिखलातले सगळे हात थांबले.

"तुझ्या? तुला कुठनं आलं?" गुणाबाईनं विचारलं.

"डॉक्टर बोलली, बहुतेक आईकडनं नायतर बापाकडनं येतं."

गुणाबाईनं बांधाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुझ्या आधी माझी चार गेली. मना पन हितंच उभी केलेली. याच बांधावर."

हे साईनाथनं कधी ऐकलं नव्हतं.

गुणाबाईनं नम्रताच्या हातातली मूठ परत घेतली, बांधावर चढली आणि ती अनिताच्या हातात ठेवली. अनिता खाचरात उतरली. साईनाथच्या अंगावरून जाताना थांबली नाही.

"महिना झाला," एवढंच म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. अनितानं वाकून पहिलं रोप चिखलात रोवलं, मग दुसरं.

बांधावर तिच्या पावलांचे ठसे अजून ओले होते. गुणाबाई त्यांच्यावरच पाय ठेवून उभी होती.

"आये, उतर की आता," साईनाथ म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "आज मी उभी रहाते."