कपाचं बूड

सकाळपासून कलाकारांच्या त्या वस्तीत बायको कुठेच टेकेना. दुकानात शिरायची, मातीचे कप उलटे करून बूड बघायची, की निघाली. कॉफी प्यायला बसली तरी तेच.

“अगं, पायांचे तुकडे पडले माझे! बुडाला काय सोनं लागलंय?” नवरा करवादला.

पाचव्या कॅफेत तिचा हात थांबला. कपाच्या बुडाला अंगठ्याचा ठसा होता, त्यात एक आडवा व्रण. लहानपणी लेकीला कात्री लागली होती, तोच.

“हे कप कोण करतं?”

“मागच्या गल्लीत दुकान आहे, त्या ताई,” वेटर म्हणाला.

“चिखलच कालवायचा असेल तर या घरात पाऊल टाकू नकोस,” असं सात वर्षांपूर्वी नवऱ्यानेच लेकीला बजावलं होतं. त्याने कॉफी तशीच सोडली.

“ऊठ लवकर. दुकान बंद करेल ती.”