डोक्यांतली चव

"कोलंबी नको, नुसत्या नूडल्स द्या," असे मी दोनदा बजावले होते. सिंगापूरच्या त्या दुकानासमोर लोक कोलंबीच्या नूडल्ससाठीच रांग लावतात. पण सासरे गेल्यापासून सासूबाईंनी कोलंबी सोडली होती. गेलेल्या माणसाचा आवडता पदार्थ सोडण्याची आमच्याकडे रीत आहे.

नूडल्सच्या रश्शाच्या पहिल्याच घोटाला सासूबाईंचा चमचा थबकला. तेव्हा कुठे माझे लक्ष चुलीवरच्या पातेल्याकडे गेले. त्या लालसर रश्शात कोलंबीची डोकी उकळत होती. त्यांचे व्रत माझ्या हातून मोडले होते.

"आई, थांबा. चुकलंच माझं. दुसरं काही मागवते."

त्यांनी वाडगा स्वतःकडे ओढला आणि डोळे मिटून आणखी एक घोट घेतला.

"तुझे सासरे सोललेली कोलंबी माझ्या ताटात टाकायचे आणि स्वतः डोकी चोखत बसायचे. मला वाटायचं, किती जीव लावतो हा माणूस!"

वर्षभरात प्रथमच त्या हसल्या.

"लबाड कुठले! सगळी चव तर डोक्यांतच असते गं."

मग वाडगा रिकामा होईपर्यंत त्या सासऱ्यांशी भांडत राहिल्या.