दुकानातला डेमो पीस

लाइट गेल्यावर बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडू नये, म्हणून मी आणि बायको पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, घ्यायला गेलो. तेच कॅम्पिंगला न्यायचं, हे तिचं खूळ.

"याला काहीच जोडलेलं नाही, तरी वीज कोण खातंय?" मी डेमो पीसवरचा आकडा दाखवला.

"डिस्प्ले येडा झालाय, साहेब," दुकानदार म्हणाला.

"मग शहाणा दाखवा ना!"

तेवढ्यात घरून आईचा फोन आला. "लाइट गेलीय रे. पण यांचं मशीन चालूच आहे. कसं काय?"

फोनमधून मशीनची घरघर येत होती. मला काही कळेना.

दुकानदाराने चिडून डेमो पीस बंद केला. घरघर थांबली. आई किंचाळली.

बायकोने झडप घालून बटण दाबलं. घरघर सुरू झाली. स्क्रीनवर बॅटरीची शेवटची लाल रेघ लुकलुकत होती.

"चार्जर द्या, लवकर!"

"डेमो पीसला कंपनी चार्जर देतच नाही."